गोणीवरचे तीन आकडे

मुलांनो, एक कोडं घालते. ‘दहा-सव्वीस-सव्वीस’ म्हणजे काय?

क्रिकेटचा धावफलक? एस.टी.ची वेळ? की कुणाच्या तिजोरीचं कुलूप उघडायची गुप्त खूण?

गावाकडच्या मुलांचे हात एव्हाना वर गेले असतील. ‘बाई, मी सांगतो! ते खत आहे!’ अगदी बरोबर. पेरणीच्या दिवसांत कृषी सेवा केंद्रासमोर उभं राहिलं, की कानांवर सारखे आकडेच पडतात. ‘अठरा-सेहेचाळीसच्या दोन द्या’, ‘पंधरा-पंधरा आली का?’ शहरातल्या दोस्तांनीही नर्सरीत ‘१९:१९:१९’ असं छापलेली छोटी पाकिटं पाहिली असतील. गुलाबाच्या कुंडीसाठी आई तीच आणते.

पण हे आकडे कशाचे? आणि ते नेमके तीनच का? पुष्कळ मोठ्या माणसांनाही याचं उत्तर धड देता येत नाही. खरं सांगायचं तर पाचवीतलं शेकडेवारीचं गणित आणि थोडंसं रसायनशास्त्र एवढंच त्यासाठी लागतं. चला तर, गोणी वाचायला शिकू या.

झाड जेवतं तरी काय?

आधी एक जुनी गोष्ट. बेल्जियममध्ये व्हॅन हेल्माँट नावाचा एक वैद्य होता. झाड वाढतं म्हणजे ते माती खातं का, असा प्रश्न त्याला पडला. त्याने मोठ्या कुंडीत २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, वाळवलेली माती मोजून भरली. तिच्यात ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं. पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड उपटून वजन केलं, तर ते भरलं १६९ पौंडांच्या वर! सुमारे ७७ किलो! मग त्याने माती पुन्हा वाळवून तोलली. किती कमी झाली असेल? फक्त २ औंस. म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम.

हेल्माँटने अनुमान काढलं, की झाड पाण्याचंच बनतं. त्याचं हे लेखन तो वारल्यावर १६४८ साली छापलं गेलं. त्याचा प्रयोग उत्तम होता, अनुमान मात्र अर्धवट होतं. कारण झाड हवाही खातं, हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून कार्बन घ्यायचा, पाण्यातून हायड्रोजन घ्यायचा, प्राणवायू दोन्हींत असतोच, आणि सूर्यप्रकाशाच्या शेगडीवर साखर रांधायची. झाड वाळवलं तर त्याच्या वजनात सुमारे ९५ टक्के वाटा या तिघांचाच असतो. आणि हे तिघेही फुकट!

मग ते २ औंस कुठे गेले? तीच तर आपली आजची गोष्ट आहे. मातीतून गेलेली ती चिमूटभर द्रव्यं नसती, तर ७७ किलोंचं झाड झालंच नसतं. आमटीत मीठ किती असतं? चिमूटभर. पण ते नसेल तर घरात केवढा आरडाओरडा होतो! झाडाचं तसंच आहे. वनस्पतींना एकूण १७ मूलद्रव्यं लागतात. तीन हवापाण्यातून मिळतात, बाकीची १४ मातीतून घ्यावी लागतात. आणि त्या चौदांतली जी तीन सर्वांत जास्त लागतात, ती म्हणजे गोणीवरचे तीन आकडे.

तिघांची ओळख

क्रम कायम एकच असतो, तो पाठच करून टाका : नत्र, स्फुरद, पालाश. इंग्रजीत नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम. दुकानदार ज्याला ‘एनपीके’ म्हणतात ना, तेच हे.

नत्र हा पानांचा गडी. प्रथिनं आणि पानातलं हरितद्रव्य त्याच्याशिवाय तयार होत नाही. नत्र कमी पडलं, की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं. म्हणून आधी खालची, म्हातारी पानं पिवळी पडतात. मक्याच्या पानावर हा पिवळेपणा टोकाकडून मधल्या शिरेने आत सरकतो.

स्फुरद हा मुळांचा, फुलांचा आणि दाण्यांचा सोबती. पेशींमधली ऊर्जा इकडून तिकडे नेण्याचं काम त्याचं. तो कमी पडला, तर रोप खुरटतं. मक्याच्या कोवळ्या रोपाची पानं तर जांभळट दिसू लागतात. या मूलद्रव्याचा शोध मोठा गमतीदार आहे बरं का! १६६९ साली जर्मनीत हेनिग ब्रांट नावाचा एक किमयागार सोनं बनवायच्या नादात मूत्र आटवत बसला होता. सोनं काही मिळालं नाही, पण अंधारात चमकणारा एक पदार्थ हाती लागला. तोच हा फॉस्फरस. आपल्या ‘स्फुरद’ या नावातही चमकण्याचा अर्थ आहे.

पालाश म्हणजे झाडाचा पहारेकरी. पानांवरची बारीक रंध्रं उघडायची-मिटायची, पाणी जपून वापरायचं, खोड कणखर ठेवायचं, ही कामं त्याची. तो कमी पडला, की जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसतात. ‘पोटॅश’ हा शब्द कसा आला, सांगू? ‘पॉट’ म्हणजे भांडं आणि ‘अ‍ॅश’ म्हणजे राख. पूर्वी लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी गाळून भांड्यात आटवून हा क्षार काढत. तुमची आजी चुलीतली राख भोपळ्याच्या वेलाच्या बुडाशी टाकते ना? तिने रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नसेल, पण वेलाला पालाश द्यायचं तिला बरोबर कळलेलं आहे.

आता कोडं सोडवू या. १०:२६:२६ म्हणजे शंभर किलो खतात १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद आणि २६ किलो पालाश. गोणी ५० किलोंची असेल तर सगळ्यांचं निम्मं : ५, १३ आणि १३. डीएपीवर १८:४६:० लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात पालाश मुळीच नाही. युरिया ४६:०:०. म्हणजे नुसतं नत्र.

(आठवी-नववीच्या दोस्तांसाठी एक बारकावा : दुसरा आणि तिसरा आकडा शुद्ध मूलद्रव्याचा नसतो. जुने रसायनशास्त्रज्ञ ही द्रव्यं प्राणवायूशी जोडलेल्या संयुगांच्या रूपात मोजत. ती पद्धत आजही चालू आहे. शुद्ध फॉस्फरस किती ते काढायचं, तर दुसऱ्या आकड्याला ०.४४ ने गुणा. शुद्ध पोटॅशियमसाठी तिसऱ्याला ०.८३ ने गुणा.)

हवेत ढीगभर, ताटात कणभर नाही

आता एक गंमत ऐका. हवेत ७८ टक्के नत्रच आहे! तुमच्या शेतावर, माझ्या शाळेवर, झाडाच्या पानापानाभोवती नत्राचा समुद्र पसरलेला आहे. तरी झाड नत्रावाचून उपाशी! असं का?

कारण हवेतले नत्राचे अणू एकेकटे फिरत नाहीत. दोन-दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, तेही एकेरी नव्हे, तिहेरी बंधाने. ही मिठी झाडाला सुटत नाही. आकाशातली वीज ती थोडी सोडवू शकते. काही जिवाणूंनाही ती सोडवता येते. भुईमूग, तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवर रायझोबियम नावाचे असे जिवाणू गाठी करून राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नत्र देतात. किती छान शेजारधर्म! पुढच्या वेळी भुईमुगाचा वेल उपटाल, तेव्हा शेंगांवर तुटून पडण्याआधी मुळांवरच्या बारीक गाठी बघा. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला, की समजा कारखाना चालू आहे!

माणसाला ही मिठी सोडवायची एक नामी युक्ती १९०९ साली सापडली. जर्मनीतल्या फ्रिट्झ हेबर याने नत्र आणि हायड्रोजन हे वायू प्रचंड दाबाखाली, खूप तापवून आणि उत्प्रेरकाची मदत घेऊन एकत्र आणले. त्यातून अमोनिया मिळाला. कार्ल बॉश या अभियंत्याने १९१३ साली त्याचा कारखाना उभा केला. दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळालं. आज जगभर हीच पद्धत वापरतात.

आपल्या देशात १९५१ साली सिंद्रीच्या सरकारी कारखान्यात खत तयार होऊ लागलं. महाराष्ट्रात अलिबागजवळ थळ इथे युरियाचा मोठा कारखाना आहे. नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढायचा, हवेतलं नत्र घ्यायचं, दोघांचा अमोनिया करायचा, आणि अमोनियाला कार्बन डायऑक्साइडची जोड दिली, की झाला युरिया! म्हणजे ते पांढरेशुभ्र दाणे बऱ्याच अंशी हवेचेच बनलेले असतात. त्या घट्ट मिठीपायी इंधन मात्र भरपूर जळतं.

युरियात ४६ टक्केच नत्र का, तेही आपण काढू शकतो. युरियाच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू (वजन १२), ऑक्सिजनचा एक (१६), नत्राचे दोन (१४ + १४ = २८) आणि हायड्रोजनचे चार (४) असतात. बेरीज ६०. साठातले २८ म्हणजे शेकडा सुमारे ४६.७. गोणीवर ४६ छापलेलं असतं. आलं ना गणित कामाला?

हळदीचा कागद करतो चुगली

युरियाचा दाणा मातीत पडला, की झाड तो लगेच गिळतं, असं वाटतं ना? नाही हं. मातीतल्या सूक्ष्मजीवांकडून आलेलं एक द्रव्य युरियाला फोडतं आणि त्याचा पुन्हा अमोनिया होतो. हे डोळ्यांनी पाहायचंय? मग हा प्रयोग करा, पण घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन.

झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत झाडाखालची दोन-दोन वाट्या माती घाला आणि पाणी शिंपडून ती ओलसर करा. एका बरणीत चमचाभर युरिया मिसळा, दुसरीत काही नको. आता हळद पाण्यात कालवून कागदाच्या दोन पट्ट्यांना लावा आणि वाळू द्या. मग पट्ट्या किंचित ओल्या करून, मातीला टेकणार नाहीत अशा बेताने, बरण्यांच्या तोंडात लोंबत्या ठेवा. झाकणं घट्ट लावा. दोन-चार दिवस वाट पाहा.

युरियाच्या बरणीतली पिवळी पट्टी तांबूस होईल! हळदीत चुना मिसळला, की कुंकवासारखा लाल रंग येतो, ते आठवतं का? चुना आणि अमोनिया दोघेही अल्कधर्मी, म्हणून दोघांची चुगली हळद सारखीच करते. बरणी उघड्यावर नेऊन उघडा, नाक लांब ठेवा. त्या बरण्या आणि तो चमचा परत स्वयंपाकघरात नेऊ नका. आणि हो, युरियाची गोणी गोठ्यापासून दूर ठेवा. गाईम्हशींनी युरिया खाल्ला, तर त्यांच्या पोटात हाच अमोनिया तयार होतो आणि जनावर दगावू शकतं.

या प्रयोगातून शेतकऱ्याला काय कळतं? युरिया नुसता वरवर फेकला आणि माती आड केली नाही, तर बराचसा नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातो. ज्या हवेतून एवढ्या खटपटीने आणला, त्याच हवेत परत! म्हणून तो मातीत मिसळून द्यायचा किंवा दिल्यावर बेताचं पाणी द्यायचं.

पुढचा प्रवासही ऐका. मातीत मुरलेल्या अमोनियाचे धनभार असलेले कण बनतात. चिकणमातीवर ऋणभार असतो. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, म्हणून हे कण मातीला चिकटून राहतात. पण दुसरे जिवाणू त्यांचं नायट्रेट करतात. नायट्रेट झाडाला आवडतं खरं, पण त्याचा भार ऋण. माती त्याला धरत नाही. जोराचा पाऊस आला, की ते पाण्याबरोबर खाली निघून जातं. हे काम सावकाश व्हावं, म्हणून युरियाच्या दाण्यांवर कडुनिंबाच्या तेलाचा लेप देतात. त्या जिवाणूंचा वेग त्याने मंदावतो. २०१५ साली देशातल्या युरियाला हा लेप सक्तीचा झाला.

सर्वांत आखूड फळी

आता खरी गोम. युरिया टाकला, की चार-आठ दिवसांत पीक हिरवंगार दिसतं. सरकार खर्चाचा मोठा भाग उचलतं, म्हणून युरिया इतर खतांपेक्षा स्वस्तही पडतो. मग माणसाला वाटतं, एका गोणीने एवढं, तर तीन गोण्यांनी केवढं!

इथे जर्मनीतले दोन शास्त्रज्ञ आपल्याला अडवतात. कार्ल श्प्रेंगेलने ही गोष्ट आधी सांगितली. पुढे १८४० च्या सुमारास युस्टुस फॉन लीबिग याने ती जगभर पोचवली. ते म्हणाले, पिकाची वाढ कोणतं द्रव्य भरपूर आहे यावर ठरत नाही, तर जे सर्वांत कमी पडतं त्याच्यावर ठरते. उभ्या फळ्या जोडून केलेलं एक लाकडी पिंप डोळ्यांपुढे आणा. एकेक फळी म्हणजे एकेक अन्नद्रव्य. त्यातली एक फळी आखूड असेल, तर पाणी तिथपर्यंतच साठेल. बाकीच्या फळ्या कितीही उंच करा, जास्तीचं पाणी वाहूनच जाणार! पोळ्यांसाठी कणीक दहा किलो आणि पुरण मात्र वाटीभर, तर पुरणपोळ्या किती होतील? वाटीभर पुरणाच्याच!

आणि आखूड फळी या तिघांतलीच असेल असंही नाही. उसाच्या कोवळ्या पानांवर ‘केवडा’ पडलेला पाहिलाय का? पानं केवड्यासारखी पिवळसर होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कमी पडलंय लोह! गंमत म्हणजे मातीत लोह असतंही. पण चुनखडीच्या जमिनीचा सामू ८ च्या वर गेला, की लोह पाण्यात विरघळत नाही. ताट समोर आहे, पण हात पोचत नाही, अशी गत. अशा वेळी युरियाच्या दहा गोण्यांनी केवडा जाणार नाही, पण हिराकसाच्या पाण्याची फवारणी केली, की पानं हिरवी होऊ लागतात. हिराकस म्हणजे लोहाचंच एक संयुग.

‘बाई, आमचा तिसरा आकडा शून्यच!’

एकदा शेकडेवारी शिकवताना मी मुलांना घरच्या खताच्या गोण्यांवरचे आकडे लिहून आणायला सांगितलं होतं. एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, ‘बाई, आम्ही युरिया नि अठरा-सेहेचाळीसच घेतो. म्हणजे आमचा तिसरा आकडा शून्यच की! आमच्या उसाला पालाश कोण देणार?’

प्रश्न लाखमोलाचा होता. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘पोटॅश घ्या!’ पण थांबा. पोटॅशसाठी पैसे मोजावे लागतात आणि आपल्या देशात तर ते जवळजवळ सगळं परदेशातून येतं. घ्यायच्या आधी मातीला विचारायला नको? तिच्या वडिलांनी माती तपासून घेतली. पत्रिका आल्यावर आम्ही ती वर्गात फळ्यावर उतरवली. पालाश : भरपूर! लोह : कमी. जस्त : कमी. सेंद्रिय कर्ब : कमी. तिचे वडील मागच्या बाकावर बसून ऐकत होते. म्हणाले, ‘म्हणजे मी इतकी वर्षं नको तीच फळी वाढवत होतो म्हणा की!’

महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत पालाश पुष्कळदा भरपूर असतं. सगळीकडेच असतं असं नाही. म्हणून तर अंदाज नको, तपासणी हवी. २०१५ सालापासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागली. ती घरात कुठे पेटीत पडली असेल, तर शोधून काढा आणि वाचा.

मातीचा नमुना घ्यायला तुम्हीही मदत करू शकता. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टाळा. नुकतं खत टाकलं असेल तर नमुना घेऊच नका. प्रत्येक जागी वीतभर खोल इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. सगळी माती मिसळून गोल पसरा, चार भाग करा आणि समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवलेली ही माती म्हणजे तुमच्या शेताची साक्ष.

चला, हिशेब करू

समजा, एका पिकाला एकरी ४० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि २० किलो पालाश द्यायची शिफारस आहे. खतं कोणती, किती?

आधी स्फुरद. डीएपीच्या १०० किलोंत ४६, तर २० किलोंसाठी साधारण ४३ किलो डीएपी. त्यातून जवळपास ८ किलो नत्र आपोआप मिळालं. उरलं ३२ किलो. युरियाच्या १०० किलोंत ४६, म्हणजे ७० किलो युरिया. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोंची झाली, म्हणजे दीड गोणीच्या थोडं वर. तोही एकदम नाही, दोन-तीन हप्त्यांत. शेवटी पालाश. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के असतं, म्हणजे सुमारे ३३ किलो.

आता याच एकरात कुणी तीन गोण्या युरिया ओतला तर? १३५ किलोंतून ६२ किलो नत्र आणि डीएपीतलं ८, मिळून ७०. गरज ४० ची. तीस किलो जादा! हे तीस किलो कुठे जाईल?

थोडं उडून जाईल. थोडं पीक खाईल आणि नुसतं माजेल. पानं लुसलुशीत होतील, त्यांवर मावा-तुडतुडे जेवायला येतील, खोड मऊ पडून पीक वाऱ्याने लोळेल. आणि बरंचसं नायट्रेट होऊन झिरपत विहिरीत उतरेल. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये, असं आपल्याकडचं मानक आहे. त्याहून खूप वाढलं, तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. बाळ निळसर दिसू लागतं. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही. म्हणजे शेतात फेकलेली गोणी, पैसे आपले, आणि पेला आपल्याच घरातल्या बाळाच्या ओठाशी!

कुंडीवाल्या दोस्तांनो, तुम्हीही ऐका. कैरीच्या फोडींना मीठ लावलं, की काय होतं? पाणी सुटतं. कुंडीत मूठभर खत टाकलंत, तर मुळांचं असंच होतं. बाहेरचं खारं पाणी मुळांतलं पाणी ओढून घेतं आणि झाड भर पाण्यात सुकतं. म्हणून चिमटीने द्या, मुठीने नको.

मग शेणखतच बरं का?

हा प्रश्न तुमच्या ओठांवर आलाच असेल. शेणखताच्या १०० किलोंत नत्र साधारण अर्धा किलो असतं. युरियाच्या एका गोणीत नत्र २०.७ किलो. म्हणजे एका गोणीइतकं नत्र शेणखतातून द्यायचं, तर चार टनांहून जास्त शेणखत लागेल! आकड्यांत शेणखत हरलं.

पण शेणखत फक्त आकड्यांसाठी नसतंच. ते मातीला स्पंज बनवतं. पाणी धरून ठेवतं, अन्नद्रव्यं धरून ठेवतं, जिवाणूंना घर देतं, आणि लोह-जस्तासारखी सूक्ष्म द्रव्यंही थोडीथोडी पुरवतं. गोणीतलं खत म्हणजे जेवण आणि शेणखत म्हणजे जेवण शिजवायचं, साठवायचं स्वयंपाकघर. स्वयंपाकघर पडकं असेल, तर आणलेला शिधा भिजून वाहून जाणार. आणि स्वयंपाकघर धड आहे पण शिधाच नाही, तर पंगत उपाशी. दोन्ही हवं. मुळाला युरियातलं नायट्रेट कुठलं आणि शेणातलं कुठलं, हे ओळखू येत नाही. रेणू तोच!

मुलांनो, झाडाला बोलता येत नाही. ‘मला नत्र पुरे झालं, आता जस्त वाढा’ असं ते सांगत नाही. ते पानांच्या रंगातून सांगतं, माती तपासणीच्या आकड्यांतून सांगते, आणि गोणी काय देऊ शकते ते तीन आकड्यांतून सांगते. या तीन भाषा वाचणारं एक माणूस घरात असलं, तर घरचे पैसे वाचतात, जमीन वाचते आणि विहीरही वाचते.

ते माणूस तुम्ही का होऊ नये? या आठवड्यात घरातली किंवा शेजारची एक गोणी, एक पाकीट शोधा. तीन आकडे वहीत उतरवा. आत प्रत्येक द्रव्य किती किलो किंवा किती ग्रॅम आहे ते काढा. मग बाबांना, आजोबांना, आईला विचारा, ‘आपल्या मातीला यातलं नेमकं काय हवंय?’ कदाचित ते म्हणतील, ‘तपासलं नाही रे कधी.’

मग काय, वही बाजूला ठेवा, खुरपं आणि बादली घ्या, आणि नागमोडी चालायला लागा!